कोऱ्या सीडीवरचं स्वागतगीत

“बाई, तुम्ही नक्की कुणाच्या?”

पंचायत समितीच्या हॉलमध्ये, चाळीस पुरुषांसमोर मला उभं करून हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा माझ्या गळ्यात मापाची टेप लोंबत होती. निरोप आला तशी दुकानातून उठून आले होते. मी म्हटलं, मी दिगंबर टेलर यांची. हॉलमध्ये खसखस पिकली. विचारणाऱ्याला मात्र ते आवडलं नाही. तो आमदारांचा भाचा होता, आणि आमदारांच्या भाच्यांना दुसऱ्याचा विनोद सहसा चालत नाही.

याला आता वीस वर्षं होत आली. आमच्या कासारखेडला पहिल्यांदाच राज्यस्तरीय महिला कबड्डी स्पर्धा मिळाली होती. हायस्कूलच्या मैदानावर लाकडी गॅलरी उभी राहत होती, मंत्री उद्घाटनाला येणार होते, आणि कबड्डी सोडून बाकी सगळ्यावर भांडणं सुरू झाली होती. त्यातलं सर्वांत मोठं भांडण उद्घाटनाला गाणार कोण, यावर होतं. आणि त्या भांडणात मध्यभागी मी उभी होते, गळ्यात टेप घालून.

माझं गाणं काय, ते आधी सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मन्सूरभाई मुजावरचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. निवडणुका लागल्या की तिथे प्रचाराची गाणी व्हायची आणि ती मी गायचे. ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना, विधानसभा, आठ वर्षांत एकही निवडणूक मी सोडली नाही आणि एकही उमेदवार सोडला नाही. मन्सूरभाईने कीबोर्डवर बसवलेली एक चाल होती, तीच सगळ्यांना. चाल तीच, नाव बदलायचं. उमेदवाराचं नाव केवढंही असो, मी ते त्या चालीत बसवून द्यायचे. नाव तोकडं पडलं तर राव, बापू, दादा, जे हाताशी असेल ते जोडायचं. कापड कमी आहे म्हणून ब्लाऊज अर्धा शिवून देता येतो का? तसंच ते.

मग ती गाणी रिक्षांवरच्या भोंग्यातून तालुकाभर फिरायची. मी दुकानात मशीनवर बसलेली असायचे आणि समोरून माझाच आवाज ‘छत्रीचं बटण दाबा’ म्हणत जायचा. पाच मिनिटांनी उलट्या दिशेने माझाच आवाज ‘कपबशीला विसरू नका’ म्हणत यायचा. समोर माप द्यायला बसलेली बाई कपाळाला हात लावून म्हणायची, कोण भवानी सकाळपासून बोंबलतीय कुणास ठाऊक. मी म्हणायचे, हो ना, कान किटले, हात जरा वर करा.

म्हणजे तालुक्यातल्या लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माझा आवाज पाठ होता आणि तो माझा आहे हे मन्सूरभाई, आमचे हे आणि मी, एवढ्या तिघांना माहीत होतं. उमेदवारांनीही कधी चौकशी केली नाही. एकदा तरी माणसांसमोर उभं राहून गावं, आणि गाण्याआधी कुणीतरी माइकवर माझं नाव घ्यावं, इतकीच माझी हौस होती. हौस म्हणते, पण आतून तो ध्यासच होता. चाळीस वर्षांची होईपर्यंत नाही जमलं तर मरेपर्यंत जमणार नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते.

स्पर्धेचे चिटणीस हायस्कूलचे क्रीडाशिक्षक कवठेकर सर. जिल्ह्याच्या मुलींच्या जर्सी आमच्याकडे शिवायला टाकायला आले तेव्हा मी मशीनवर गुणगुणत होते. त्यांनी ऐकलं, थबकले आणि म्हणाले, वहिनी, स्वागतगीत तुम्हीच म्हणा की. मी लगेच हो म्हटलं. तीन दिवस मी हवेत होते. चौथ्या दिवशी कुणीतरी मन्सूरभाईकडून काढून घेतलं की ही बाई प्रचाराची गाणी गाते, आणि पेटलं.

आमदार थोरबोले, ज्यांना सगळे दाजी म्हणायचे, ते मागच्या निवडणुकीत कपबशीवर निवडून आले होते. कारखान्याचे चेअरमन काळुगडे बापू छत्रीवर पडले होते. दाजींचे लोक म्हणाले, ही बापूंची छत्रीवाली, ही गायली तर आम्ही मैदानात पाय ठेवणार नाही. बापूंचे लोक म्हणाले, ही तर दाजींची कपबशीवाली, हिला कोण गाऊ देतंय बघू. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, राजकारणात असं क्वचित होतं.

मग दाजींनी मुंबईहून एक गायिका ठरवली. ती टीव्हीवरच्या कुठल्याशा स्पर्धेत पहिल्या बारांत आली होती. बापूंनी कारखान्याची बँजो पार्टी पुढे केली. ती कशातच आली नव्हती, पण तिच्यात बापूंचे चोवीस मतदार होते. बँजो वाजला नाही तर तहसील कचेरीपुढे उपोषणाला बसू, असं निवेदन गेलं. बँजो वाजला तर वीज तोडू, असं दुसरं गेलं. शेवटी राज्य संघटनेचा निरीक्षक येऊन सांगून गेला, की आठ दिवसांत मिटवा, नाहीतर स्पर्धा शेजारच्या तालुक्याला देतो. शेजारच्या तालुक्याचं नाव निघालं तेव्हा कुठे दोन्ही गट एका हॉलमध्ये बसले.

तर, मी कुणाची. भाच्याला मी खरं ते सांगून टाकलं. छत्रीही मीच गायले, कपबशीही मीच, आणि पतंगवाले शिंगटे अपक्ष उभे होते, ते गाणंही माझंच. चालसुद्धा एकच आहे, तुमच्या ध्यानात आलं नाही एवढंच.

दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग बापू सावकाश म्हणाले, “म्हंजे बाईंना निष्ठा म्हणून काय हाय का न्हाय?”

बापू तोवर तीन पक्ष फिरून चौथ्यात आले होते. हे मला तेव्हा सुचलं होतं, पण बोलले नाही. आता बोलून घेते.

कवठेकर सर मधे पडले. मुंबईची गायिका नको, बँजो नको, एक साधं स्वागतगीत सीडीवर वाजवू, मुलींचं संचलन होईल, नारळ फुटेल आणि सामने सुरू. पण आठ दिवसांत सीडी करून देणारा मन्सूरभाई एकटा, आणि त्याच्याकडे गाणारी मी एकटी. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा दाजींनी निकाल दिला.

“आवाज चालंल,” ते म्हणाले. “बाई नको.”

बापूंनी मान डोलावली. त्यावर लगेच अटी ठरल्या. पत्रिकेत माझं नाव नको, मी व्यासपीठाच्या आसपास दिसायला नको, आणि सीडीवरसुद्धा काही लिहायचं नाही, म्हणजे कुणी पाहिलं तर वाद नको. मी उभीच होते. मला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, सरळ नाही म्हणून टाक, आपल्याला काय अडलंय. बरोबर होतं त्यांचं. मला राग आला होता, रडूही आलं होतं, पण नाही म्हणवलं नाही. निदान इतक्या माणसांना एका वेळी एका जागी ऐकू तरी जाईल, असं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं.

मन्सूरभाईकडे नवीन संगीत करायला सवड नव्हती, म्हणून स्वागतगीतही त्याच चालीवर घेतलं. पहिल्या कडव्यात आधी दाजी मग बापू, दुसऱ्यात आधी बापू मग दाजी. रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही गटांचा एकेक माणूस गादीला टेकून पहारा देत होता. सीडी झाली तशी दोघांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. कोरी होती. समाधानाने गेले. मन्सूरभाईने ती सीडी आपल्या डब्यात ठेवली. एका उमेदवाराला दुसऱ्याचं गाणं दिसू नये म्हणून त्याने कधीच कुठल्या सीडीवर काही लिहिलेलं नव्हतं. त्याच्या डब्यातल्या सगळ्याच सीड्या कोऱ्या होत्या.

त्या आठवड्यात मी जर्सी शिवून पुऱ्या केल्या. त्यांचीही एक तऱ्हाच होती. छातीवर दाजींचं नाव की कारखान्याचं, यावरून भांडण झालं आणि मिटलं नाही, म्हणून पुढची बाजू मोकळी सोडली. पाठीवर मुलींची नावं घालायची सरांची हौस होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, म्हणून ती पार पडली. पिवळ्या कापडातून अक्षरं कापून एकेक मी शिवली. राजाक्का मदने, तस्लीम शिकलगार, छाया माने, अशा बारा. राजाक्का कप्तान होती. नाव मोठं म्हणून तिची अक्षरं जरा दाटीने बसवावी लागली.

उद्घाटनाच्या दिवशी मला पास मिळाला तो टेलर म्हणून. ऐन वेळी कुणाची शिवण उसवली तर हवी, असं सरांनी समितीला पटवलं होतं. व्यासपीठासमोर मैदानात सगळे संघ रांगेत उभे होते आणि मी आमच्या मुलींच्या मागे सुईदोरा घेऊन उभी. मला मुलींचे चेहरे दिसत नव्हते, मी शिवलेली बारा नावं तेवढी दिसत होती. कार्यक्रम नऊचा होता. मंत्री अकराला आले. तोवर मुली उन्हात उभ्याच. गॅलरी मात्र गच्च भरली होती.

दाजी हार घेऊन पुढे सरकले. बापूही हार घेऊन पुढे सरकले. निवेदकाने स्वागतगीताची घोषणा केली. गायिका कोण, ते अर्थातच सांगितलं नाही. मन्सूरभाईने डब्यातली सीडी लावली. संगीत सुरू झालं, मग माझा आलाप. सगळं मैदान शांत झालं. आणि मग माझा आवाज मोठ्याने गायला,

काळुगडे बापू,
छत्रीचं बटण दाबू.

बापूंच्या बाजूच्या गॅलरीने शिट्ट्यांचा पाऊस पाडला. दाजींचा हार मंत्र्यांच्या कानाशीच थांबला. मन्सूरभाईने घाईघाईने सीडी बदलली. पुन्हा तेच संगीत, पुन्हा तोच आलाप, लोकांनी पुन्हा श्वास धरला, आणि आता माझा आवाज गायला, ‘थोरबोले दाजी आले, विरोधक पळाले’. आता दुसऱ्या गॅलरीतून टोप्या उडाल्या आणि पहिलीतून एक खुर्ची आली. मन्सूरभाईने पुन्हा डब्यात हात घातला. त्याने तिसरी लावली. ती पतंगाची निघाली. त्या निवडणुकीत डिपॉझिट गेलेले शिंगटे गॅलरीत बसले होते. ते उठून उभे राहिले आणि चारी दिशांना हात जोडून नमस्कार करायला लागले. आठ वर्षांतली माझी सगळी कमाई एका सकाळी वाजली म्हणायची.

कुणीतरी वायर उपटली. मग व्यासपीठावर सुरू झालं. दाजी म्हणत होते, हा बापूंचा डाव आहे. बापू म्हणत होते, सीडी तुमच्या माणसानं तपासली. भाचा मन्सूरभाईची कॉलर धरायला निघाला होता, कवठेकर सर त्याला अडवत होते. नारळ टेबलावर तसाच. मंत्री पाणी प्याले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

मैदानात मुली उभ्याच होत्या. छाया माने मटकन खाली बसली. राजाक्का मागे वळली. तिचा घाम हनुवटीवरून गळत होता.

“मावशी,” ती म्हणाली, “आमाला खेळायला कवा देणार वो?”

मला तिचा प्रश्न लागला. म्हणजे, मी तिथे काय करत होते, तर माझा आवाज कुणाच्या गटाचा यावर चाललेलं भांडण बघत सुई धरून उभी होते. आणि ज्यांचा तो दिवस होता त्या पोरींचं नावसुद्धा सकाळपासून कुणी घेतलं नव्हतं.

कवायतीसाठी शाळेचा एक हातभोंगा होता, बॅटरीवर चालणारा. तो सरांच्या खांद्याला होता. मी व्यासपीठाच्या पायरीशी गेले आणि तो काढून घेतला. सरांनी पट्टा सुटायला उलट मदतच केली. मी मुलींच्या मागे कबड्डीसाठी आखलेल्या मैदानात, मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिले. मला येत होती ती एकच चाल, तीच धरली. समोर पाठमोरी बारा नावं होती, ती वाचत गेले.

आली हो आली, राजाक्का मदने आली.

गाण्यात काही विशेष नव्हतं. पण भोंग्यातून आवाज आला तो थेट रिक्षातून येतो तसा आला, आणि सगळ्या गॅलरीने तो एका क्षणात ओळखला. आधी हसू फुटलं. मग एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “आरं, ही तर आपल्या रिक्षातली बाई.” लोक उभे राहून बघायला लागले. आठ वर्षं कानावर आदळणाऱ्या आवाजाला हातपाय आहेत, हे त्यांना नवीन होतं.

राजाक्का आपलं नाव ऐकून गोंधळली, आणि मग वळून आखलेल्या मैदानात शिरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तस्लीम. छोट्या नावांना मी बाई, अक्का, राणी जोडत गेले. छाया माने चालीत पुरत नव्हती, तिला छायाबाई केलं, तशी ती मातीतून उठून हसत गेली. सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, पण एकेकीला मानाचं नाव लावून मी आत पाठवलं. बारा झाल्यावर समोरच्या जिल्ह्याची कप्तान धावत आली आणि म्हणाली, आमची पण घ्या की. तिच्याकडून कानात ऐकून तिच्याही बारा घेतल्या. दोन-तीन चुकल्या असतील. कुणी रागावलं नाही. गॅलरी टाळ्यांवर ठेका धरत होती, छत्रीची बाजू आणि कपबशीची बाजू, दोन्ही.

मुख्य पंच कोल्हापूरकडचे एक तापट गृहस्थ होते आणि सकाळपासून वैतागलेले होते. दोन्ही संघ मैदानात दिसताच त्यांनी पाच-पाच राखीव मुली बाजूला बसवल्या आणि शिट्टी मारली. सामना सुरू झाला. व्यासपीठावर सगळे हार हातात धरून तसेच उभे. नारळ फुटला नाही तो नाहीच. कागदोपत्री ती स्पर्धा अजून सुरूच झालेली नाही.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गटांनी जाहीर करून टाकलं, की या बाईला यापुढे प्रचाराचं गाणं द्यायचं नाही. दाजी आणि बापू यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. पुढच्या निवडणुकीपासून मन्सूरभाईने सांगलीची एक मुलगी आणायला सुरुवात केली. चाल मात्र तीच राहिली.

माइकवर माझं नाव काही त्या दिवशी कुणी घेतलं नाही. मीही भोंग्यावर सांगितलं नाही. चोवीस नावं घेतली आणि भोंगा सरांना परत देऊन घरी आले. हे दारातच उभे होते. त्यांना रिक्षावाल्याकडून कळलं होतं. त्यांनी चहा केला. साखर घालायला विसरले, तरी मी पूर्ण प्याले.

चौथ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. आमच्या मुली दुसऱ्या आल्या. मी जाणार नव्हते, सरांनी माणूस पाठवून बोलावलं, म्हणून गर्दीत मागे जाऊन उभी राहिले. माइक आता चालू होता. राजाक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि भाच्याने तिच्या हातात चिठ्ठी दिली. आभार कुणाचे कोणत्या क्रमाने मानायचे ते त्यात होतं. राजाक्काने ती वाचली, घडी करून मुठीत धरली आणि मागे उभ्या असलेल्या अकराजणींकडे पाहिलं.

तो सगळा बेसूर कारभार होता. बारा तोंडं, बारा सूर. पण चाल मी कुठेही ओळखली असती.

आली हो आली, शालन मावशी आली.

गॅलरीने माना वळवून मला शोधायला सुरुवात केली. मी शेजारच्या बाईच्या पदराआड तोंड लपवून रडत होते. ते नावासाठी नव्हतं, म्हणजे नुसतं नावासाठी नव्हतं. गादीच्या खोलीत, मन्सूरभाई चहा सांगायला बाहेर गेला की मी आठ वर्षं हळूच माझं नाव त्या चालीत घालून बघायचे. शालन पिसे. दरवेळी तोकडं पडायचं. काय जोडायला हवं ते मला कळत होतं, कळणारच, माझा धंदा होता तो. पण दुसऱ्यांना दादा, बापू, अक्का लावता येतं. आपणच आपल्याला काही लावून घेता येत नाही.

पोरींनी ‘मावशी’ लावलं आणि ते बरोबर बसलं.